वाकनीस वाकत नाहीत

प्रश्न: माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी. ते मला कधी कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. लग्नानंतर वाकनीस झाले आणि चोवीस वर्षं आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगते आहे. गॅसच्या पुस्तकावर आम्ही 'वाकणीस', धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'वाकनिस', आणि विजेच्या बिलावर दोन वर्षं चक्क 'वाकणकर' होतो. मुलाला वर्गात 'जरा वाकून दाखव' म्हणतात. सासरे सांगायचे, 'वाक् म्हणजे वाणी. महाराजांची वाणी लिहून घेणारे ते वाकनीस, आणि आपण थेट त्यांच्याच वंशातले.' नणंदेचं म्हणणं असं की रायगड जिल्ह्यातल्या वाकण गावावरून आपण वाकनीस झालो. यातलं खरं काय? आणि आमच्यासारखी घरं आहेत तरी किती? नातेवाईक सोडले तर मला आजवर दुसरा वाकनीस भेटलेला नाही.
– सौ. वाकनीस, ठाणे

उत्तर: ताई, तुमच्या सासऱ्यांचं निम्मं बरोबर होतं. लिहिणारे हे खरं, पण वाणी नाही.

मूळ शब्द 'वाकेनवीस'. 'वाकिआ' हा अरबी शब्द, अर्थ घडलेली गोष्ट, घटना. हिंदी सिनेमात एखादा म्हातारा 'एक वाकया सुनाता हूँ' म्हणतो ना, तोच. 'नवीस' फारसी, म्हणजे लिहिणारा. घडलं ते लिहून ठेवणारा तो वाकेनवीस. त्याचा बोलता बोलता झाला वाकनीस. संस्कृत वाणीशी किंवा मराठी वाकण्याशी त्याचं काही नातं नाही. 'वाकबगार'शीसुद्धा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागे एका वाचकाने तशी मोठी मांडणी करून पाठवली होती. वाकबगारातला वाक हा 'वाकिफ'मधला, म्हणजे माहीतगार. तुमच्या आडनावाचा मराठीतला खरा चुलतभाऊ शोधायचा तर तो 'मोक्याची जागा' मधला 'मोका'. वाकिआ आणि मोका हे अरबीत एकाच धातूचे. मुलाला हे सांगा. वर्गात कुणी वाकायला सांगितलं तर आमचं नातं मोक्याशी आहे म्हणावं.

मोगलांच्या राज्यात सुभ्यासुभ्याला वाकेनवीस असे. सुभ्यात काय चाललंय, सुभेदार काय करतोय, हे लिहून बादशहाकडे पाठवायचं हे त्याचं काम. आता असा माणूस सुभेदाराला सामील झाला तर? म्हणून त्याच्याखेरीज खुफियानवीस नेमलेले असत. ते गुपचूप वेगळं लिहून पाठवत. एकाचं दुसऱ्याशी जुळलं नाही की दरबारात विचारणा होई.

आपल्याकडे हे पद आलं आणि त्याचं रूप पालटलं. शिवाजी महाराजांचा वाकनीस परगण्यात बसून बातम्या पाठवणारा नव्हता, तो राजाच्या अगदी जवळचा माणूस. राजाच्या रोजच्या व्यवहाराची नोंद त्याने ठेवायची. कोण भेटीला आलं, कुणाला बोलावलं हे त्याने पाहायचं. आमंत्रण-निमंत्रण हे खातंच त्याच्या हवाली. राजाच्या भोजनावर आणि भोवतीच्या माणसांवर नजरही त्याचीच. रोजनिशी लिहिणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खाली मान घालून बसलेला कारकून येतो. इथे तसं समजू नका. ज्याला राजाच्या ताटापर्यंत जाता येतं तो माणूस किती विश्वासाचा असला पाहिजे, विचार करा.

१६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा फारसी पदनामं बदलून संस्कृत केली गेली. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, डबीर झाला सुमंत, आणि वाकनीस झाला मंत्री. पुढे 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, त्यातही सुमारे १४०० शब्दांना असे संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दरबाराने आपली नावं बदलली, पण घराघरांत जी नावं चिकटली होती ती तशीच राहिली. म्हणून आज मुजुमदार आहेत, डबीर आहेत, सुरनीस आहेत आणि तुम्ही आहात. खुद्द 'पेशवा' हा शब्दही कुठे गेला? मुख्य प्रधान म्हणून कुणी बाजीरावांची आठवण काढत नाही.

नणंदबाईंच्या वाकण गावाचं आता. नागोठण्याजवळचा वाकण फाटा गोवा रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो. पण गावावरून आडनाव पडलं तर ते वाकणकर होतं, 'नीस' लागत नाही. गावाला 'कर', कामाला 'नीस'. विजेच्या बिलाने तुमची दोन्हींत गल्लत केली, त्याला इलाज नाही.

'वाकणीस' की 'वाकनीस' हे मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. फडणीस आणि चिटणीस यांत ण आहे. पोतनीस, सबनीस, पारसनीस, जमेनीस, कारखानीस, पागनीस यांत न आहे. असं का? फडणीसात आधी ड आहे, चिटणीसात ट. ट-ड उच्चारताना जीभ टाळूकडे वळलेली असते, ती पुढच्या न लाही तिथेच धरते, आणि न चा ण होतो. त, ब, स, क म्हणताना जीभ वळायचं कारणच नाही, म्हणून न टिकून राहतो. तुमच्या आडनावात क आहे. तेव्हा वाकनीसच बरोबर. गॅसवाल्याने 'वाकणीस' केलं ते बहुधा वाकण्याच्या नादाने. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल मात्र मी भांडणार नाही. जुने कागद मोडीत, आणि मोडीत इकार एकच. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, दोन शब्दांत जागासुद्धा सोडायची नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचे लाड कोण करणार? नीस दीर्घ लिहायची आपली आजची रीत आहे, तीच सगळ्या कागदांवर एकसारखी ठेवा म्हणजे झालं. वारसाच्या वेळी 'वाकनिस आणि वाकनीस ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं, तो त्रास तरी चुकेल.

आता सासऱ्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, 'थेट त्यांच्याच वंशातले'. इथे मला नाही म्हणावं लागतंय, आणि ते का हे नीट सांगतो.

राज्याभिषेकाच्या वेळी मंत्री होते दत्ताजी त्रिंबक. बाकीच्यांची नावं पाहा: मोरो त्रिंबक, अनाजी दत्तो, निराजी रावजी, रामचंद्र नीलकंठ. यात आडनाव कुठे आहे? स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. फार तर पुढे हुद्दा. दत्ताजीपंत वाकनीस म्हटलं तर त्यातला वाकनीस हा त्या वेळी हुद्दा होता, आज आपण 'कलेक्टरसाहेब' म्हणतो तसा. उद्या कलेक्टरसाहेबांची बदली झाली की त्या खुर्चीवर दुसरा माणूस. शाहू महाराजांच्या काळात मंत्रिपद नारोराम यांच्याकडे होतं. ते काही दत्ताजीपंतांच्या घरातले नव्हते, आणि लोक त्यांना नारोराम मंत्री म्हणत, वाकनीस नव्हे.

हुद्द्यामागे दडलेली जुनी आडनावंही असतात. नाना फडणीस म्हणून सारा मुलूख ज्यांना ओळखतो ते वेळासचे भानू. पेशवे श्रीवर्धनचे भट. रास्ते मूळचे गोखले. तसं तुमच्या घराचंही वाकनीसपणाच्या आधीचं एखादं आडनाव असू शकतं, आणि ते सापडलं तर तुमचा शोध एकदम सोपा होईल.

हे मी इतकं ठासून का सांगतो, तर एकदा माझंच तोंड पोळलं आहे. मोडीच्या कागदांत नोकरीला लागून मला दोन-अडीच वर्षं झाली असतील. एक कारखानीस आडनावाचे गृहस्थ आले. त्यांच्याकडे पणजोबांपर्यंतची नावं होती आणि एका सनदेची नक्कल. मी रुमालामागून रुमाल सोडले. (रुमाल म्हणजे कागद बांधलेलं फडकं, दप्तरातलं मोजमाप तेच.) एका कागदावर मला कारखानीस सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच. बोरूने लिहिलेला कागद, शाई वाळवायला टाकलेली वाळू अजून घडीत होती, उघडताना चार कण तळहातावर पडले. त्या वयात त्या वाळूनेच माझं डोकं फिरलं. मी त्यांना सांगून टाकलं, हेच तुमचे पूर्वज. त्यांनी वंशवृक्षात तीन पिढ्या वाढवल्या, रंगवून घेतला, काच बसवली, दिवाणखान्यात टांगला.

सात वर्षांनी तिसरा कागद हाती आला. त्यात पहिले कारखानीस त्याच साली दुसऱ्या किल्ल्यावर पगार घेत होते. दोन किल्ल्यांत चार दिवसांची वाट. म्हणजे माणसं दोन, नाव एक, बापाचं नावही एक, आणि कारखानीस दोघांचं आडनाव नव्हे, दोघांची नोकरी. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असत तसा कोठीचा हिशेब ठेवणारा कारखानीस असे. किल्ले किती, ते मोजा, म्हणजे कारखानीस किती ते कळेल. मी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं एका ओळीचं: 'आता फ्रेमचं काय करू?'

म्हणून सांगतो, हुद्द्याच्या आडनावावरून वंश जोडायचा नाही. जातही नाही. दर महिन्याला दोन पत्रं तरी 'अमुकनीस म्हणजे कोण हो?' अशी येतात, विचारायचं असतं भलतंच. चिटणीस, सबनीस ही आडनावं वेगवेगळ्या जातींत आहेत, कारण लिहिणं-वाचणं येणारा जो मिळेल तो त्या कामावर बसे. आडनाव काम सांगतं, त्याहून जास्त ते सांगत नाही.

तुम्हाला दुसरा वाकनीस का भेटत नाही याचंही उत्तर यातच आहे. तुमचं माहेर आणि सासर शेजारी ठेवा. कुलकर्णी गावोगाव. जिथे गाव तिथे जमिनीचा हिशेब, जिथे हिशेब तिथे कुलकर्णी. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, पण तोवर हजारो गावांतून हजारो घरं त्या आडनावाची होऊन बसली होती. देशपांडे, देशमुख परगण्याचे, म्हणून कुलकर्ण्यांहून कमी. फडणीस, चिटणीस हे दरबाराला लागत तसे सरदारांच्या दौलतीतही लागत, म्हणून ते आणखी कमी, तरी बऱ्यापैकी. आणि राजाचा दिवस लिहून ठेवणारा माणूस? तो राजाजवळ एक. राजेच मोजके, तर वाकनीस कुठून वाढणार? शिवाय वरच्या हुद्द्याचं नाव १६७४ नंतर मंत्री झालेलं, म्हणजे मोठ्या घराला वाकनीस म्हणवून घेण्याचं कारणही उरलं नाही. पारसनीसही असेच थोडे, कारण फारसी पत्रव्यवहार करणारा माणूस गावोगाव कशाला लागेल? साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जुने कागद जमवण्यात हयात घालवली म्हणून ते आडनाव इतिहास वाचणाऱ्यांच्या तोंडी तरी राहिलं.

घरं किती, हा प्रश्न तुम्ही सरळ विचारला आहे. मोबाइलवर काही ठिकाणी 'या आडनावाची जगात इतकी माणसं' असा अगदी एककापर्यंतचा आकडा मिळतो. तो खरा मानू नका. आपल्या जनगणनेत आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध होत नाहीत. मग एककापर्यंतचा हिशेब कुणी केला? ते अंदाज आहेत, आणि रोमन लिपीत वाकनीस व्ही ने लिहिला की डब्ल्यू ने, एवढ्यानेही तो अंदाज दुभंगतो.

मोजायचंच तर मतदारयाद्या घ्या. त्या सर्वांना खुल्या असतात. ठाणे, पुणे, सातारा इथून सुरुवात करा. कंटाळवाणं काम आहे, पण एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाकडून होईल, आणि वर्गातल्या चिडवण्यावर त्याला उताराही मिळेल. घरात किंवा रद्दीवाल्याकडे छापील टेलिफोन डिरेक्टरी असेल तर ती फेकू नका. कुलकर्ण्यांची पानं उलटून बोट दुखतं, तुमचं आडनाव मोजक्या ओळींत संपतं. पण त्या ओळींत पत्ते असतात! यादीत वाकणीस, वाकनिस, वाकेनवीस हेही शोधा, आपल्यावर जे टंकणाऱ्याने केलं ते इतरांवरही केलेलं असणार. आणि लेकी मोजायला विसरू नका. वाकनिसांच्या मुली लग्नाने दुसऱ्या आडनावात गेल्या आहेत, तुम्ही कुलकर्ण्यांमधून इकडे आलात तशाच.

मागे जायचं असेल तर दप्तरात शिरण्याआधी तीर्थक्षेत्री जा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आज्याचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, पुष्कळदा त्याच्याच हातचं. तिथे पहिला प्रश्न येईल 'मूळ गाव कोणतं?' तो आधी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारून ठेवा. पुरुष आडनावाच्या गोष्टी सांगतात, कुलदैवताला कुठे जायचं आणि ओटी कुणाची भरायची हे बायकांना पाठ असतं. कुलदैवत, गोत्र आणि गाव हे तिन्ही एखाद्या परक्या वाकनीसाशी जुळलं तर मला जरूर कळवा. तेव्हा नातं निघण्याचा संभव आहे. नुसतं आडनाव जुळलं तर एकत्र चहा घ्या आणि दोघांच्या गॅसच्या पुस्तकांवर काय छापलंय ते ताडून पाहा.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली ४५ भागांत छापलेही गेले. आणि १८५२च्या कायद्याने इंग्रजांनी इनामांची चौकशी केली तेव्हा ज्यांनी ज्यांनी इनामावर हक्क सांगितला त्यांना पिढ्यांचा पुरावा द्यावा लागला. तुमच्या घराला कधी एखादी इनाम जमीन होती अशी नुसती कुजबुज जरी असली तरी तिथे काही तरी मिळण्याची आशा आहे. मात्र काही मिळालं तर काच लगेच बसवू नका.

प्रश्न: आम्ही पोतनीस. शेजारी पोतदार आहेत, त्यांची सराफी आहे. ते म्हणतात आपण एकच. खरं का?

उत्तर: एका खजिन्यातले, पण एका कामाचे नाही. 'पोत' हा फारसी 'फोता', खजिन्याची थैली. पोतदार नाणी पारखून घेई. खरं नाणं की खोटं, चांदी किती, हे त्याच्या नजरेवर. ही पारख सोनारालाच, म्हणून गावात पोतदारी बहुधा सोनाराकडे असे. पारखून आत गेलेल्या पैशाची नोंद ठेवणारा तो तुमचा पोतनीस. शेजाऱ्यांना सांगा की कोलकात्याचे आणि मारवाडचे पोद्दार हे त्यांच्याच शब्दाचे. तुम्ही मात्र लेखणीवाले, वाकनिसांच्या ओळीतले. सोन्याची पारख करायला जाऊ नका.

प्रश्न: फडणीस बरोबर की फडणवीस?

उत्तर: दोन्ही. फर्द म्हणजे हिशेबाची याद, ती लिहिणारा फर्दनवीस. पश्चिमेकडे बोलताना 'नवीस'चा 'नीस' झाला, नागपूरकडे काही घराण्यांनी 'नवीस' सांभाळला. चिटणीस-चिटणवीस हेही तसंच. आणि नागपुरात तर दोन्ही एकाच शहरात नांदतात: महालात चिटणीस पार्क, सिव्हिल लाइन्समध्ये चिटणवीस सेंटर. अखंड 'नवीस' हुद्दा म्हणून पाहायचा असेल तर एखाद्या कचेरीबाहेर जा. झाडाखाली टेबल, टेबलावर मुद्रांकाचे कागद, आणि पाटीवर 'अर्जनवीस'.